चौकोनांनी निवडलेले ज्ञान

अमेरिकी वृत्तपत्रांतील इंग्रजी शब्दकोडे नियमाने सोडवणाऱ्याला ईरी हे सरोवर, ओरिओ हे बिस्कीट, मेल ऑट हा बेसबॉलपटू आणि ईरो सारिनेन हा फिनलंडमध्ये जन्मलेला वास्तुविशारद वारंवार भेटतात. या चौघांना एका पंगतीला बसवणारे कारण भूगोलात, क्रीडेत किंवा कलेत शोधून सापडणार नाही, कारण ते त्यांच्या स्पेलिंगमध्ये दडलेले आहे. ही नावे तीन-चार अक्षरांची आहेत आणि त्यांच्यात एकतर स्वर भरपूर आहेत किंवा इंग्रजीत सतत लागणारी व्यंजने आहेत. शब्दकोड्याच्या संकेतांतून, म्हणजे ज्यांना ‘क्लू’ म्हणतात त्या सूचक वाक्यांशांतून, जे सामान्यज्ञान विचारले जाते त्याची पहिली निवड कोणी विद्वान करत नसून चौकोनांची जाळी करते.

या जाळीची सुरुवात 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत झाली. मूळचे लिव्हरपूलचे असलेल्या आर्थर विन यांनी त्या दिवशी हिऱ्याच्या आकाराचे, मध्यभागी पोकळ असलेले एक कोडे छापले. 1924 साली सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशनसंस्थेने कोड्यांचे पहिले पुस्तक काढले आणि त्याला पेन्सिल जोडून दिली. पुस्तक इतके खपले की कोड्याचे वेड हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र त्याच वर्षी या छंदाला वेळेचा अपव्यय ठरवून नाक मुरडले आणि पुढे जवळजवळ दोन दशके हा बाणा टिकवला. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर, अंधारबंदीच्या दिवसांत वाचकांच्या मनाला काही विरंगुळा हवा या जाणिवेने, 15 फेब्रुवारी 1942 रोजी त्याने आपले पहिले रविवारचे कोडे छापले, आणि ज्याची टिंगल केली त्याचेच प्रमाणरूप ठरवण्याचा मान पुढे त्याच्याकडे आला.

ते प्रमाणरूप प्रामुख्याने मार्गारेट फरार या पहिल्या संपादिकेने घडवले. रोजच्या कोड्यात पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे 225 चौकोन असतात; कोडे अर्ध्या वळणाने उलटे फिरवले तरी काळ्या घरांची नक्षी तशीच दिसली पाहिजे; दोन अक्षरी शब्द चालत नाही; आणि सर्वांत जाचक अट अशी की प्रत्येक अक्षर एका आडव्या आणि एका उभ्या अशा दोन्ही शब्दांचा भाग असले पाहिजे. या शेवटच्या अटीमुळे सोडवणाऱ्याची सोय होते, कारण एक शब्द अडला तरी त्याला छेदणारे शब्द त्याची अक्षरे पुरवतात. पण कोडे रचणाऱ्याची कोंडी होते. दोन-तीन लांब, देखणे शब्द शेजारी बसवले की उरलेल्या सांदीकोपऱ्यांत स्वरांनी भरलेले छोटे शब्दच तेवढे मावतात, आणि असे शब्द इंग्रजीत मोजकेच असल्यामुळे तेच ते पुन्हा बोलवावे लागतात. या शब्दांच्या साठ्याला इंग्रजीत ‘क्रॉसवर्डीज’, म्हणजे कोड्यांची बोली, म्हणतात. सुया ठेवण्याची छोटी डबी म्हणजे एटुई, हवाईचा राज्यपक्षी असलेला नेने हा हंस, 1934 सालच्या ‘द थिन मॅन’ या चित्रपटातला आस्टा नावाचा कुत्रा, गायिका-कलावंत योको ओनो आणि संगीतकार ब्रायन ईनो ही मंडळी या बोलीचे कायमचे रहिवासी आहेत. मेल ऑटने कारकिर्दीत 511 होमरन ठोकले ही कामगिरी मोठी खरीच, तथापि त्याच्याइतक्याच पराक्रमी पण लांब आडनावाच्या खेळाडूंना कोड्यांच्या जगात त्याच्याइतका वावर नाही.

उत्तर जाळी ठरवते, परंतु संकेत माणूस लिहितो, आणि माणसाची अभिरुची तेथेच उघडी पडते. ओरिओ या उत्तराचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हे बिस्कीट 1912 पासून बाजारात असले, तरी जुन्या संपादकांचा कल व्यापारी नावे टाळण्याकडे होता. म्हणून हीच चार अक्षरे आली की संकेत असे तो ‘पर्वत या अर्थाचे पूर्वपद’, म्हणजे ग्रीक भाषेतून शास्त्रीय संज्ञांत आलेला एक तुकडा. 1977 ते 1993 या काळात संपादक असलेले युजीन मलेस्का अभिजात भाषा, ऑपेरा आणि दुर्मीळ कोशशब्द यांचे पक्षपाती होते. 1993 साली आलेल्या विल शॉर्ट्‌झ यांनी दूरदर्शन, चित्रपट, जाहिराती आणि रोजच्या बोलीला दार मोकळे केले, तेव्हापासून ओरिओ म्हणजे दुधात बुडवायचे, मधे क्रीम असलेले काळे बिस्कीटच. चौकोनांत भरलेली अक्षरे दोन्ही काळांत एकच होती. सुशिक्षित माणसाला काय ठाऊक असावे याची कल्पना तेवढी बदलली होती. या बदलाला पांडित्याची घसरण म्हणणारे तेव्हाही होते, परंतु ग्रीक पूर्वपद पाठ असणे हे बिस्कीट ओळखण्यापेक्षा श्रेष्ठ ज्ञान कसे, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडून मिळत नाही.

संकेत लिहिण्याचेही काटेकोर शिष्टाचार आहेत. संकेत अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी, संकेतात संक्षेप असेल तर उत्तरही संक्षिप्त, आणि शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर शब्दाशी खेळ केलेला आहे असे समजावे. ‘लंडनचे फ्लॉवर?’ या इंग्रजीतील प्रसिद्ध संकेतात फूल शोधणारा फसतो, कारण ‘फ्लो’ म्हणजे वाहणे यावरून ‘फ्लो-अर’, म्हणजे वाहणारी, असा अर्थ घेतला की उत्तर थेम्स नदी येते. ब्रिटिश कोड्यांनी हा खेळच मुख्य मानून गूढ संकेतांची वेगळी परंपरा उभारली, तर अमेरिकी कोडे माहितीवर अधिक विसंबून राहिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे कोडे सोमवारी सर्वांत सोपे आणि शनिवारी सर्वांत अवघड असते, आणि ही चढण बऱ्याच अंशी संकेतांनीच साधली जाते: सोमवारी ईरीसाठी पंचमहासरोवरांपैकी एक एवढे सांगितले जाते, तर शनिवारी त्याच नावाच्या जमातीचा किंवा पेनसिल्व्हेनियातील शहराचा आडवळणाने उल्लेख होतो.

माहितीवर विसंबण्यातला धोका 2008 सालच्या एका कोड्याने नावारूपाला आणला. त्यात मॅसॅच्युसेट्समधील नॅटिक हे गाव आणि एन. सी. वायेथ हा चित्रकार एकाच ‘एन’ अक्षरावर छेदत होते. दोन्ही ठाऊक नसणाऱ्याला ते अक्षर तर्काने काढण्याची कोणतीच वाट नव्हती. तेव्हापासून दोन अपरिचित विशेषनामांच्या अशा छेदाला सोडवणारे ‘नॅटिक’च म्हणतात. बोस्टनजवळ राहणाऱ्याला मात्र तो नॅटिक वाटणार नाही, आणि वादाचे मूळ येथेच आहे, कारण सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे प्रत्यक्षात संपादकाच्या ओळखीच्या वर्तुळाला ठाऊक असलेली गोष्ट असते. अलीकडे अभिनेत्री-लेखिका इसा रे हिचे नाव आणि आडनाव ही दोन्ही जाळीला सोयीची निघाली, तेव्हा कृष्णवर्णीय कलावंतांच्या कोड्यांतील प्रवेशाला अक्षरांचाच हातभार लागला.

भारतही या कोड्यांत आला तो याच दाराने. आग्रा, राणी, राग, साडी, नान आणि गोवा हे शब्द अमेरिकी सोडवणाऱ्यांच्या ओळखीचे आहेत, कारण रोमन लिपीत ते आखूड आणि स्वरबहुल ठरतात. छत्रपती संभाजीनगरला तेथे जागा मिळणे कठीण. भारतात 1957 साली दशमान नाणेपद्धती आल्यावर आणा व्यवहारातून गेला, तरी अमेरिकी कोड्यांत हे जुने नाणे पुढे कित्येक वर्षे चालत राहिले.

मराठी शब्दकोड्याचे गणित मुळातच निराळे आहे. येथे एका घरात काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर बसते आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळते, त्यामुळे ‘पुस्तक’ तीन घरांत मावते. इंग्रजीत सव्वीस पर्यायांतून एक निवडायचा असतो, तर मराठीत घराला शेकडो पर्याय असल्यामुळे दोन शब्द एका अक्षरावर जुळवणे अवघड होते. म्हणून मराठी जाळीत काळी घरे अधिक असतात आणि पुष्कळ अक्षरांना छेद मिळतच नाही. स्वरबहुल विशेषनामांची येथे गरज पडत नाही. त्यांच्या जागी समानार्थी शब्दांचा, विशेषतः संस्कृत पर्यायांचा, साठा कामाला येतो. सूर्य, चंद्र, पाणी आणि कमळ हे मराठी कोड्याचे ओरिओ होत. छेदाचा आधार तुटपुंजा असल्याने संकेत मात्र अधिक नेमका हवा, आणि नेमके येथेच अनेक कोडी कमी पडतात. ‘कमळ’ एवढाच संकेत देऊन तीन घरे सोडली, तर पंकज, नीरज, अंबुज, सरोज आणि राजीव हे सगळेच बसतात. शेवटच्या घरात छेदाने ‘ज’ मिळाला तरी त्यांतून फक्त राजीव बाद होतो, कारण बाकीचे चौघे ‘जन्मलेले’ या अर्थाच्या त्याच अक्षरावर संपतात, आणि उरलेला निवाडा दुसऱ्या दिवशीच्या अंकातील उत्तरावर सोपवावा लागतो.