पाच ग्रॅम तांबं, नऊ टँकर पाणी

खिडकीखाली प्लास्टिकचा ट्रे, त्यात फेरिक क्लोराईडचं तपकिरी पाणी आणि पाण्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली 100 बाय 160 मिलिमीटरची कॉपर क्लॅड पाटी. देवनारच्या घरातला माझा पीसीबीचा, म्हणजे सर्किटच्या पाट्यांचा, कारखाना एवढाच.

पाटीवरचं तांबं 35 मायक्रॉन जाड, म्हणजे साधारण केसाच्या निम्मं. वजन भरतं 5 ग्रॅम. त्यातले अणू आकड्यात लिहायचे तर 47 वर 21 शून्यं. जगातल्या 8 अब्ज माणसांनी अजिबात न झोपता सेकंदाला एकेक अणू मोजला, तरी 1 लाख 80 हजार वर्षं पुरणार नाहीत. नुसत्या जाडीतच दीड लाखाच्या आसपास थर! दहा मिनिटांत पाटी साफ झाली, तर दर सेकंदाला अडीचशे थर विरघळले. ट्रे हलवताना हा हिशेब मनातून जात नाही.

बारीक ट्रेसची, म्हणजे टोनरखाली झाकून पाटीवर राखायच्या तांब्याच्या रेघांची, खरी परीक्षा मात्र आडवी असते. 600 डीपीआयच्या लेझर प्रिंटरचा ठिपका 42 मायक्रॉनचा, म्हणजे 0.2 मिलिमीटरचा ट्रेस जेमतेम पाच ठिपक्यांचा. छापलेला आराखडा इस्त्री फिरवून पाटीवर उतरवल्यावर कागद सोडवताना टोनरचा एक ठिपका कागदालाच चिकटला, की पाचवा हिस्सा तिथेच गेला. पुढे द्रावण जितकं खाली खातं, जवळपास तितकंच टोनरच्या कडेखालून आतही शिरतं. दोन्ही बाजूंनी 35-35 मायक्रॉन गेले, की 0.2 चा माथा 0.13 वर येतो आणि 0.1 चा 0.03 वर, केसाहून बारीक! म्हणून बारीक कामाला मी 18 मायक्रॉनच्या तांब्याची पाटी घेतो आणि इस्त्रीऐवजी फोटोरेझिस्टची फिल्म व यूव्ही दिवा वापरतो. तांबं पातळ, म्हणून आत शिरणंही निम्मं.

पण मला सगळ्यात हादरवणारा आकडा ट्रेस तयार झाल्यावरचा आहे. 35 मायक्रॉनच्या पाटीवरचं नव्वद टक्के तांबं गेलं, तर साडेचार ग्रॅम द्रावणात उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने एका पाटीचं तांबं त्या मर्यादेत आणायला 90,000 लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. द्रावणाच्या एका बाटलीत दहा पाट्या काढल्या तर नव्वद टँकर.

आणि इथलं पाणी उतरतं खाडीकडे. 1927 पासूनचं डम्पिंग ग्राउंड आमच्याच देवनारचं, त्याच्या पलीकडे 2022 मध्ये रामसर यादीत आलेली ठाणे खाडी. तिथल्या चिखलावर फ्लेमिंगो जगतात. तो चिखल आधीच पुष्कळ सोसतो आहे.

म्हणून वापरलेलं द्रावण मोरीत जात नाही. मोठ्या बादलीत धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकतो, कारण फेस झरझर वर येतो. तांबं आणि लोखंड चिखल होऊन तळाशी बसतात. तो गाळायचा, वाळवायचा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचा. बरणीवर ठळक अक्षरांत लिहिलंय : विष, हात लावू नये.