शब्द ओठावर अडकतो तेव्हा



बारामती एमआयडीसीजवळच्या एका वस्तीत मी बीपी तपासत होते. एक मावशी सुनेला म्हणाल्या, "अगं, ते दे ना... ते भाकरी भाजायचं!" सगळे हसले. मावशी मात्र घाबरल्या. "ताई, मला वेड तर लागत नाही ना?" दोन मिनिटांनी त्यांनाच आठवलं: तवा!

मावशी, हे वेड नाही. वस्तू डोळ्यांपुढे असते, पण तिच्या नावाचा उच्चार मेंदूला वेळेवर सापडत नाही. १९६६ साली अमेरिकेत ब्राऊन आणि मॅकनील या संशोधकांनी विद्यार्थ्यांना अर्थ सांगून अवघड शब्द विचारले. ज्यांचा शब्द ओठावर अडकला, त्यांतल्या अनेकांना पहिलं अक्षर मात्र बरोबर सांगता आलं. म्हणजे शब्द हरवलेला नसतो. वय वाढलं, रात्रपाळीने झोप मोडली, काळजी असली की असं जास्त होतं. अशा वेळी ताण देऊ नका, दुसरं काम करा. घरच्यांनी हसू नये.

रोजचे शब्द वारंवार अडकू लागले, ओळखीची गल्ली किंवा पैशांचा हिशोब चुकू लागला, तर दवाखान्यात दाखवा. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरताही कारण असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत.

पण एक गोष्ट वेगळी. बोलणं अचानक बोबडं झालं, शब्दच फुटेना, बोललेलं कळेना, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तर तो लकवा समजा. यातलं एकच लक्षण असलं तरी थांबू नका. वॉर्डात असताना सकाळी वाचा गेलेला एक कामगार संध्याकाळी आणलेला मी पाहिला. घरच्यांनी 'बाहेरचं' समजून दिवसभर अंगारा लावला होता. तोवर वेळ निघून गेली होती.

मेंदूतली गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करूनच. म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. तोंडाने पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी न्याच.

बीपीची गोळी मनाने बंद करू नका. मिश्री, तंबाखू सोडा.

अडकलेला शब्द मागाहून येतो. लकव्यात गेलेली वेळ येत नाही.