तारेच्या दातांना दह्याचा आधार किती?

उल्हासनगरच्या सिंधी नाश्त्यातलं कुरकुरीत पकवान दातांना तार लावलेल्या मुलांनी डाळीत भिजवूनच खावं. कडक घास चावताना दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट निघून येतं. निघालेलं ब्रॅकेट लगेच कळतं. ब्रॅकेटच्या कडेला साचणारा चिकट थर मात्र सहसा ध्यानात येत नाही, आणि मोठं नुकसान तोच करतो.

या थरातला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतो. सामू साधारण 5.5 च्या खाली उतरला की दाताच्या एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपू लागतं. ब्रश पोहोचत नाही अशा जागी चार आठवड्यांतही पांढरे डाग पडू शकतात.

या उपद्रवी जिवाणूंवर दुसरे उपकारक जिवाणू सोडले तर? चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये तार लावलेल्या 60 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला प्रोबायोटिक, म्हणजे असे उपकारक जिवाणू असलेलं दही, दुसऱ्याला प्रोबायोटिक टूथपेस्ट, तिसऱ्याला यांपैकी काहीच नाही. तीस दिवसांनी पहिल्या दोन्ही गटांत ब्रॅकेटभोवतीचे म्युटन्स घटलेले आढळले.

पण जिवाणू घटणं वेगळं आणि डाग टळणं वेगळं.

ग्रीसमधल्या 85 रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये आला. तिथे लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंच्या चघळायच्या गोळ्या सरासरी 17 महिने दिल्या गेल्या. जिवाणू नसलेल्या नुसत्या गोळ्या चघळणाऱ्यांच्या तुलनेत पांढऱ्या डागांत लक्षणीय फरक पडला नाही. बाहेरून आलेले हे जिवाणू तोंडात सहसा कायमची वस्ती करत नाहीत. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत ओसरतात.

घरच्या दह्याची गोष्ट आणखी निराळी. विरजणात नेमके कोणते जिवाणू, किती, हे घरोघरी बदलतं. एखाद्या खाद्याला प्रोबायोटिक म्हणायचं तर जिवाणूचा नेमका वाण ओळखलेला हवा, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जेवणातलं साधं दही कॅल्शियमसाठी जरूर खावं. साखर घातलेली लस्सी मात्र म्युटन्सचंही खाद्य ठरते.

म्हणून अंबरनाथ-बदलापूरहून लोकलने कल्याणला क्लासला जाणाऱ्या मुलामुलींच्या दप्तरात ब्रॅकेटच्या फटीत शिरणारा छोटा ब्रश असावा. डबा खाल्ल्यावर निदान खळखळून चूळ भरावी आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून प्रत्येक ब्रॅकेटच्या वर-खाली घासावं. तार आवळायला गेल्यावर पांढरे डाग दिसू लागलेत का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं.