कुत्रीच्या स्तनगाठी आणि ऊतकचिन्हके : काही गैरसमजांचा खुलासा

नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय कार्यरत आहे, आणि २००० पासून ते ज्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आले त्याचे मुख्यालयही याच शहरात आहे; असे असता पाळीव कुत्रीच्या सडाशी लागलेली गाठ ‘दुधाची’ समजून महिनोन्‌महिने दुर्लक्षिली जावी, ही बाब मनाला क्लेश देते. वस्तुस्थिती अशी की नसबंदी न झालेल्या कुत्रींत आढळणाऱ्या अर्बुदांत स्तनगाठींचेच प्रमाण सर्वाधिक असून त्यांपैकी सुमारे निम्म्या घातक असतात, आणि बोटांनी चाचपून त्या ओळखता येत नाहीत.

गाठ काढून तपासणीस पाठविली की दुसरे गैरसमज सुरू होतात. ऊतकचिन्हक म्हणजे रक्तातून मिळणारा कर्करोगाचा दाखला, असे अनेकांस वाटते. वास्तविक ही तपासणी काढलेल्या गाठीचीच असते. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसविलेल्या तुकड्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेऊन त्यांवर विवक्षित प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात, आणि ते जेथे चिकटले तेथे बहुधा तपकिरी रंग उमटवितात. हा रंग दिसला म्हणजे कर्करोग ठरला, हा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा होय. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा ग्राही निरोगी स्तनऊतकात व सौम्य गाठींतही आढळतो. उलट गाठ जसजशी घातक होते तसतसा तो बहुधा क्षीण होत जातो, म्हणजे येथे रंगाचा अभावच अधिक चिंताजनक. याउलट, जर्मनीतील कील येथील संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेले की-६७ हे चिन्हक विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशींच्या केंद्रकांतच दिसते, म्हणून त्याचे शेकडा प्रमाण वाढलेले असणे हे सामान्यतः अशुभ लक्षण. तथापि नलिकांची रचना, केंद्रकांची विषमता, विभाजनांची संख्या, रक्तवाहिन्यांत व लसीकाग्रंथींत झालेला शिरकाव यांचा जो निवाडा विकृतिवैज्ञानिक साध्या रंगविलेल्या कापावरून देतो, तो बाजूस सारून एकट्या चिन्हकावर निकाल देणे माझ्या मते अविचाराचे आहे.

स्त्रियांच्या स्तनकर्करोगाचे नियम कुत्रीस जसेच्या तसे लावणेही योग्य नव्हे. हर-२ या चिन्हकासाठी मानवी प्रथिनावर बेतलेले प्रतिपिंड श्वानाच्या ऊतकात नेमके त्याच प्रथिनाला चिकटते काय, हे आधी पडताळावे लागते. आणि स्त्रियांना उपकारक ठरलेल्या टॅमॉक्सिफेन या औषधाने कुत्रीच्या योनिमुखास सूज येणे, गर्भाशयात पू होणे असे उपद्रव संभवतात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच होते. पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपुरी वैशाखात नुसत्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली गाठ काही तासांतच आतून विघटित होऊ लागते, आणि मग उत्तमातले उत्तम प्रतिपिंडही काही सांगू शकत नाही. बर्फात गोठविणेही अनिष्टच, कारण हिमस्फटिक पेशी फाडतात. गाठीच्या सुमारे दसपट दहा टक्के फॉर्मॅलिन घ्यावे, मोठ्या गाठीला आत द्रव शिरेल असे छेद द्यावेत, आणि एखादा तुकडा पुरेसा न मानता कडांसह संपूर्ण गाठ पाठवावी. कुत्रीस बहुधा स्तनांच्या पाच जोड्या असतात आणि एकाच वेळी काढलेल्या दोन गाठींचे स्वरूप निराळे असू शकते, म्हणून प्रत्येक गाठ स्वतंत्र बरणीत, तिच्या जागेच्या नोंदीसह द्यावी.