सर्व्हर पॅकेट का टाकतो? नवी मशीन घेण्याआधी करायचा तपास

इंटरनेट पुरवण्याच्या धंद्यात आज बरेच तरुण उतरले आहेत. मोठ्या कंपनीकडून लाइन घ्यायची आणि मोहल्ल्यात, बाजारात गिऱ्हाइकांना वाटायची, असा हा व्यवहार. महाग राउटर परवडत नाही, म्हणून साध्या सर्व्हरवर लिनक्स टाकून त्याच्याकडूनच राउटरचे काम घेतात. कार्ड दहा गिगाबिटचे असते, तरी संध्याकाळी गिऱ्हाइकांची ओरड सुरू होते. विक्रेता म्हणतो, ‘नवी मशीन घ्या.’ आम्ही म्हणतो, लाखाचा चेक फाडण्याआधी दोन दिवस तपास करा.

वजन नव्हे, नग मोजा

सर्व्हरला श्रम पडतात ते पॅकेटच्या संख्येने. ट्रान्सपोर्टच्या पेढीवर मोठी गाठ येवो की एका ताग्याचे पार्सल, कारकुनाला बिल्टी तितकाच वेळ पाहावी लागते. तसेच हे आहे. दहा गिगाबिटच्या लाइनीवर 1518 बाइटची मोठी पॅकेटे सेकंदाला सुमारे 8 लाख 12 हजार येतात. तीच 64 बाइटची लहान असली, तर 1 कोटी 48 लाखांच्या वर जातात. मग एका पॅकेटच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद येतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे हे जेमतेम दोनशे ठोके झाले. फोनवरचे बोलणे आणि खेळ यांची पॅकेटे लहानच असतात. म्हणून लाइन अर्धी रिकामी दिसते आणि तरी माल गळतो.

गळती कोठे आहे?

प्रथम कार्डाचे मोजमाप पाहावे. लिनक्समध्ये त्यासाठी ‘ईथटूल’ आहे. सीआरसीच्या चुका वाढत असतील तर दोष केबल, फायबर किंवा मॉड्यूलचा आहे, मशीनला हात लावू नये. ‘मिस्ड’चा आकडा वाढत असेल तर माल दारापर्यंत आला, पण आत घेणारा मोकळा नव्हता. त्यानंतर ‘सॉफ्टनेट स्टॅट’ ही फाइल पाहावी. तीत प्रत्येक प्रोसेसरची एक ओळ असते. दुसरा रकाना टाकलेल्या पॅकेटांचा. तिसरा रकाना सांगतो की काम शिल्लक असताना किती वेळा मुदत संपली. हे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात. तेव्हा दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्यावेत आणि फरक पाहावा.

एकाच हमालाच्या डोक्यावर ओझे

सर्वांत अधिक आढळणारा मर्ज हाच. आठ कोअरच्या सर्व्हरवर सरासरी भार 12 टक्के दिसतो, मालक निर्धास्त असतो. प्रत्यक्षात एक कोअर शंभर टक्के भरलेला आणि सात रिकामे. म्हणून प्रत्येक कोअर वेगळा पाहावा. कार्ड पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट पाहून पॅकेटे वेगवेगळ्या रांगांत लावते. पण गिऱ्हाइकांचा माल पीपीपीओईच्या लिफाफ्यात येत असेल, तर पुष्कळ कार्डांना आतला पत्ता वाचता येत नाही आणि सारा माल एकाच रांगेत जातो. यावर आरपीएस हा इलाज आहे. लिनक्सच्या 2.6.35 आवृत्तीत, म्हणजे 2010 साली तो आला. यात वाटप सॉफ्टवेअर करते. मात्र एकच मोठा प्रवाह असेल तर तो एकाच कोअरवर जाणार, हे लक्षात ठेवावे.

दोन प्रोसेसरच्या बोर्डावर कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलेले आहे, काम त्याच्याच कोअरना द्यावे. नाहीतर प्रत्येक पॅकेट पलीकडच्या गोदामात जाऊन येते.

खाच आणि फालतू काम

कार्डाची खाचही तपासावी. बाहेरून आठ लेनची दिसणारी खाच आतून चारच लेनची असू शकते. दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेन एका दिशेला फार तर 16 गिगाबिट देतात. दोन पोर्टच्या कार्डाला 20 लागतात.

फायरवॉलचे शेकडो नियम एकाखाली एक असतील, तर पॅकेट वरून खाली प्रत्येक नियमापाशी थांबते. पत्त्यांची एकत्र यादी करून नियम कमी करावेत. कनेक्शनची वही भरली की लिनक्स नवी पॅकेटे टाकतो आणि तसे लॉगमध्ये लिहूनही ठेवतो. तो लॉग रोज वाचावा. माल पुढे पाठवणाऱ्या मशीनवर एलआरओ बंदच असावे, कारण ते पॅकेटे जोडून त्यांचा मूळ आकार मोडते.

कार्डाचा बफर वाढवून क्षणभराची झुंबड निभते. पण गोदाम मोठे केल्याने हमालाचा हात जलद होत नाही, उलट माल जास्त वेळ पडून राहतो.

शेवटचा सल्ला

एका वेळी एकच बदल करावा, आधीचे व नंतरचे आकडे वहीत मांडावेत. इतके करूनही भागले नाही, तर 2016 पासून लिनक्समध्ये असलेले एक्सडीपी किंवा डीपीडीके यांचा विचार जाणकाराकडून करून घ्यावा. आणि नवी मशीन घ्यायचीच ठरली, तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: 64 बाइटची किती पॅकेटे सेकंदाला पुढे जातील? उत्तर कोटेशनवर लिहून घ्यावे. नुसते ‘दहा गिगाबिट’ ऐकून सौदा करू नये.