स्वस्त जमीन, महाग हिवाळा

थोडी जमीन घ्यावी, भाजीपाला पिकवावा, गाय-कोंबड्या पाळाव्यात आणि घरापुरते घरीच पिकवून खावे, ही ओढ अमेरिकेतही अनेक कुटुंबांना असते. अशांची नजर ज्या भागांकडे वळते, त्यांपैकी एक म्हणजे मेन राज्याच्या उत्तर टोकाची, कॅनडाला लागून असलेली अरूस्टूक काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा. १९६० मध्ये तेथे १,०६,०६४ लोक होते. २०२० मध्ये ६७,१०५ उरले. माणसे कमी, म्हणून जमीन स्वस्त. पण ही जमीन उन्हाळ्यातली हिरवळ पाहून जोखता येत नाही. हिशेब हिवाळ्यापासून मांडावा लागतो.

चार महिन्यांची शेती

कॅरिबू या गावी जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी शून्याखाली १६-१७ अंशांवर जातो. वर्षभरात नऊ फुटांच्या आसपास बर्फ पडतो. दहिवराचा धोका नसलेले दिवस जेमतेम चार महिने. म्हणून पीक लवकर हाती येणारे हवे. बटाट्यासाठी ही जमीन नावाजलेली. तो गोठू नये म्हणून टेकडीच्या उतारात अर्धी गाडलेली कोठारे बांधली गेली. काढणीसाठी शाळांना शरद ऋतूत सुट्टी देण्याची प्रथाही पडली. सेंट जॉन नदीकाठच्या फ्रेंचभाषक कुटुंबांनी कुट्टू पिकवला. त्याच्या पिठाची 'प्लोय' एकाच बाजूने भाजतात. दिसायला आपल्या जाळीदार आंबोळीसारखी.

गवत आणि सरपण

एका गायीला दिवसाला दहा किलो सुके गवत धरले, तरी सहा महिन्यांच्या बेगमीला १,८०० किलो लागते. सरपण 'कॉर्ड'ने मोजतात. आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच रास म्हणजे एक कॉर्ड. लाकडावर घर उबदार ठेवायचे, तर अशा कित्येक राशी हव्यात. ओले लाकूड धुरकटते, म्हणून ते महिनोन्‌महिने आधी तोडून वाळवावे लागते. त्यातच बँगोर शहरातले मोठे रुग्णालय काउंटीच्या मध्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर!

एकट्याचे काम नव्हे

१८७० मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. थॉमस यांनी स्वीडनहून ५१ जणांना सोबत घेऊन येथे 'न्यू स्वीडन' वसवले. राज्याने प्रत्येक कुटुंबाला १०० एकर जंगल दिले. ते लोक टिकले, याला त्यांची मेहनत कारण होतीच. पण सरकारची मदत होती, रस्त्यांच्या कामावर मजुरी मिळाली आणि हाकेला धावणारा शेजारही होता.

स्वावलंबन म्हणजे एकटेपणा नव्हे. अशा ठिकाणी जमिनीचा भाव विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत: पिकाचे दिवस किती? हिवाळ्याची बेगमी किती? रोख पैसा कुठून येणार? आणि बर्फात वाट बंद झाली, तर दार ठोठावायला शेजारी कोण? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर फुकट मिळालेली जमीनही महाग पडते.