घरगुती व्यवसायाचं व्हिजिटिंग कार्ड

शिवणकाम, मेंदी, डबे असा व्यवसाय अनेक भगिनी घरातूनच करतात. कार्ड एकदा दिलं की पुढे कोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही. म्हणून घराचा पूर्ण पत्ता छापू नका. मोहल्ल्याचं नाव आणि कामापुरता वेगळा मोबाइल नंबर पुरतो.

नेहमीचं कार्ड साधारण 3.5 बाय 2 इंचांचं असतं. त्यात नाव, काम, नंबर आणि वेळ एवढंच ठेवा. मजकूर कडेपासून आत घ्या, नाहीतर कापताना अक्षरं जातात.

नाव उर्दूतही हवं असेल तर प्रूफ जाणकाराला दाखवा. काही सॉफ्टवेअरमध्ये उर्दू अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने पडतात. प्रूफवरचा नंबर स्वतः लावून पाहा, मगच छपाईला होकार द्या. पहिल्या खेपेला 100 कार्डं पुरेत.